आमचा फोटो आम्हीच काढू

विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींचे फोटो पेपरात कधी छापून येतात? दोनच वेळा. पोरगं मेलं तर, नाहीतर पोरगं मोर्चात घोषणा देताना सापडलं तर. पहिल्या फोटोखाली 'दुर्दैवी' असे लिहिलेले असते, दुसऱ्याखाली 'गोंधळ'. या दोन फोटोंच्या मध्ये चार-पाच वर्षांचे जे सबंध जगणे असते, त्याचा फोटो कुणी काढत नाही. अभ्यासिकेत जागा धरायला पहाटेच ठेवून दिलेली पिशवी, मेसमधले पातळ वरण, गावाकडून आलेला चटणीचा डबा, एकाच लॅपटॉपवर तिघांनी पाळीपाळीने टाईप केलेले प्रबंध, १४ एप्रिलच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसून कापलेल्या निळ्या पताका. हे सगळे घडते आणि विरून जाते. आणि मग दहा वर्षांनी कुणीतरी पुस्तक लिहितो की दलित विद्यार्थी म्हणजे वेदना, दलित विद्यार्थी म्हणजे आक्रोश.

आमचे म्हणणे साधे आहे. कॅम्पसवर शिकणाऱ्या आंबेडकरी विद्यार्थ्याने कॅमेरा हातात घेतला पाहिजे आणि सगळ्यात आधी तो स्वतःच्या रोजच्या जगण्याकडे वळवला पाहिजे. हा वेळ घालवायचा उद्योग नाही, चळवळीचे काम आहे. आणि समजा एखाद्याला ते निव्वळ छंद म्हणून करायचे असेल, तर त्याचाही त्याला पुरेपूर हक्क आहे. या दोन्ही गोष्टींवर आमच्याच लोकांकडून आक्षेप येतात, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास पाहू. या देशात कॅमेरा आला तो साहेबाच्या आणि राजे-महाराजांच्या हातात. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात देशभरातल्या जाती-जमातींचे फोटो आहेत. समाजशास्त्राच्या वर्गात हे खंड दाखवतात तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. चेहरा आहे, पण बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव नाही. नावाच्या जागी जात किंवा जमात लिहिलेली. समोर उभा माणूस हा माणूस नाही, तो नमुना आहे. फुलपाखराला टाचणी टोचून खाली लेबल लावतात, तसा.

साहेब गेला, टाचणी राहिली. आमच्या माहितीतल्या एका विद्यापीठातली गोष्ट सांगतो. तिथल्या फोटोग्राफी क्लबमध्ये यायचे तर स्वतःचा डीएसएलआर पाहिजे, अशी अट होती. म्हणजे प्रवेशाच्या दारातच चाळीस-पन्नास हजारांचा टोलनाका. या क्लबचे वार्षिक प्रदर्शन भरले. बक्षीस मिळालेल्या फोटोत एक बाई झाडू मारत होती. मागून कोवळे ऊन, धुळीचा सोनेरी पडदा, आणि खाली शीर्षक 'श्रमाचे सौंदर्य'. फोटोग्राफरचे नाव ठळक अक्षरात. बाईचे नाव कुठेच नाही. आणि ती बाई कुणी परकी नव्हती. त्याच विद्यापीठात ती कंत्राटावर झाडलोट करते, रोज त्याच पोरांच्या पायाखालचा कचरा उचलते. तिचा पगार दोन महिने थकलेला होता. ते सौंदर्य काही फोटोत आले नाही.

आपल्या एका पोराने मग काय केले? तो तिच्याकडे गेला, मावशी म्हणून हाक मारली, नाव विचारले आणि 'तुमचा फोटो कसा काढू?' असेही विचारले. मावशी म्हणाली, 'झाडू नको रे बाबा. रविवारी घरी ये.' रविवारी ती ठेवणीतली साडी नेसून, बारावीला असलेल्या मुलीला शेजारी घेऊन खुर्चीवर बसली. मागे भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. हा फोटो एका साध्या मोबाईलवर काढलेला आहे. त्याला कुठलेही बक्षीस मिळालेले नाही. पण दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कॅमेऱ्याची जात म्हणजे काय, हे समजायला वेगळा ग्रंथ वाचावा लागत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप असा की फोटोग्राफी हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, आपल्या पोरांना परवडत नाही. पैशाची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याला स्वाधार योजनेतून पुणे-मुंबई-नागपुरात वर्षाला ६० हजार रुपये ठरलेले आहेत. म्हणजे खोली, जेवण, पुस्तके, प्रवास धरून महिन्याला पाच हजार. तेही वेळेवर येत नाहीत, हे ज्याने वाट पाहिली त्याला सांगायची गरज नाही. अशा पोराला कॅमेरा घे म्हणणे सोपे नाही.

पण 'परवडत नाही' म्हणून आपण थांबलो असतो, तर आपल्याकडे काहीच नसते. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. लाखो लोक रस्त्यावर होते. तो प्रसंग फिल्मवर टिपून ठेवावा, असे नामदेव व्हटकरांना वाटले. या माणसाने आपले घर गहाण ठेवले आणि पैसा उभा करून ते चित्रीकरण केले. आज दर ६ डिसेंबरला आपण मोबाईलवर ती हलती चित्रे पाहतो, डोळे पुसतो आणि पुढे पाठवतो. त्यामागे एका माणसाचे गहाण पडलेले घर आहे, हे किती जणांना माहीत आहे?

अमेरिकेतले गॉर्डन पार्क्स हे कृष्णवर्णीय छायाचित्रकार. रेल्वेत वेटरचे काम करायचे. १९३७ मध्ये त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला जुना कॅमेरा घेतला. १९४२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत साफसफाई करणाऱ्या एला वॉटसन या बाईंचा फोटो काढला. मागे अमेरिकेचा झेंडा, बाईंच्या एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. हातात झाडू याही फोटोत आहे. पण इथे बाईला नाव आहे, आणि नुसते नाव नाही. पार्क्स नंतर अनेक दिवस तिच्या घरी, तिच्या नातवंडांत, तिच्या चर्चमध्ये फोटो काढत राहिले. पुढे त्यांनी आत्मकथन लिहिले, त्याच्या नावातच शस्त्र हा शब्द आहे. ते शस्त्र म्हणजे कॅमेरा.

इतके लांबही जायला नको. तमिळनाडूचा पळनी कुमार घ्या. आई मासे विकून घर चालवायची. इंजिनिअरिंग शिकताना त्याने कर्ज काढून कॅमेरा घेतला. गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांवरच्या 'कक्कूस' या माहितीपटाचे छायाचित्रण त्याने केले. २०२२ चा दयानिता सिंग-पारी पुरस्कार त्याला मिळाला. तिथेही तो थांबला नाही, सफाई कामगारांच्या पोरांना तो फोटोग्राफी शिकवतो. आपल्या महाराष्ट्रात सुधारक ओलवे आहेत. विदर्भातल्या अकोल्याकडचा हा माणूस. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे त्यांनी वर्षानुवर्षे टिपले, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. यांपैकी कुणीही 'आधी परवडू दे, मग बघू' असे म्हटले नाही.

आणि आज तर खिशात मोबाईल आहे. महागडी लेन्स नसेल, पण आपल्या पोराकडे एक अशी गोष्ट आहे जी क्लबवाल्याकडे नाही. त्याला आत प्रवेश आहे. मावशीच्या घरात, समाजकल्याणच्या हॉस्टेलमध्ये, वस्तीतल्या विहारात, पोराला विद्यापीठात सोडायला पहिल्यांदा शहरात आलेल्या बापाच्या शेजारी. तिथे बाहेरचा माणूस पाहुणा असतो, आपण घरचे.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो, आणि तो चळवळीतल्या ज्येष्ठांकडून येतो. 'समाज जळतोय आणि तुम्ही फुलांचे फोटो काढता?' या आक्षेपाचा आम्ही आदर करतो, कारण तो करणाऱ्यांनी अंगावर लाठ्या घेतल्या आहेत. तरी उत्तर द्यावेच लागेल.

छंद म्हणजे काय? पोटापाण्याच्या पलीकडे स्वतःसाठी वापरायचा वेळ. हजारो वर्षे या देशात हा वेळ कुणाकडे होता? ज्यांची कामे दुसरे करत होते, त्यांच्याकडे. गावकीची कामे, वेठबिगारी, मेलेले ढोर ओढणे यांतून आमच्या आजोबा-पणजोबांना फूल बघायला तरी उसंत कुणी दिली? म्हणून आज आपल्या घरातली पहिली पदवीधर पोरगी सकाळी कॅम्पसमध्ये थांबून गुलमोहराचा फोटो काढते, तेव्हा ती चळवळीपासून पळत नसते. नाकारलेली गोष्ट ती परत घेत असते. बाबासाहेबांच्या अंगावर किती कामे होती, हे वेगळे सांगायला नको. तरी उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. कुणी त्यांना विचारले का, की समाज जळत असताना तुम्ही व्हायोलिन कसले वाजवता?

रोहित वेमुलाचे घ्या. हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करणारा हा पोरगा आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता. त्याच्यासह पाच जणांना हॉस्टेलमधून बाहेर काढले. त्या वेळचा त्याचा एक फोटो आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. हातात बाबासाहेबांची तसबीर घेऊन तो हॉस्टेलमधून बाहेर पडतोय. पुढे उघड्यावर 'वेलिवाडा' उभा राहिला. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. जाताना लिहिलेल्या पत्रात थकलेल्या सात महिन्यांच्या फेलोशिपचा हिशेब होता, आणि विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते, हेही होते. पुढे त्याच्या फेसबुकवरच्या नोंदींचे पुस्तक निघाले. ते वाचल्यावर कळते की हा पोरगा किती विषयांवर विचार करत होता, किती वाचत होता, कशावर हसत होता. जगाला हे सगळे तो गेल्यावर कळले. तो असताना कुणालाच ते बघायचे नव्हते.

आमचा राग इथे आहे. आपली पोरे मेल्याशिवाय माणूस म्हणून दिसत नाहीत. जिवंतपणी ती 'कोट्यातली' असतात, मेल्यावर पोस्टर होतात. पोस्टर आपणही लावतो आणि लावलेच पाहिजे. पण जिवंत पोराचा, हसणाऱ्या, वाचणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या, परीक्षेला घाबरणाऱ्या पोराचा फोटो आपण का काढून ठेवत नाही? 'हे आमच्यासारखेच आहेत' हे कुणाला पटवून द्यायचे म्हणून नाही. त्यांचे प्रमाणपत्र आपल्याला नको. आपल्यामागून येणाऱ्या पोराला कळावे म्हणून, की विद्यापीठात आपण फक्त सोसायला येत नाही, जगायलाही येतो.

तिसरा आक्षेप नसून पळवाट आहे. 'फोटो तर आम्ही रोज टाकतो की!' टाकता, मान्य. साहेबांसोबत सेल्फी, वाढदिवसाच्या बॅनरवर चाळीस चेहरे, गाडीवर निळा झेंडा आणि डोळ्यांवर गॉगल. यात तुम्ही आहात, समाज कुठे आहे? स्वतःचा फोटो आणि आपला फोटो यांत फरक असतो. शिवाय मोबाईलमधला फिल्टर सुरू करून चेहरा दोन छटा उजळ करता, ते वेगळेच. ही गोरेपणाची खोड कॅमेऱ्याला जुनीच आहे. कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म तपासताना अनेक वर्षे गोऱ्या बाईचा फोटो असलेले 'शर्ली कार्ड' प्रमाण मानले जायचे. सावळे, काळे चेहरे त्या फिल्मवर नीट उमटत नसत. त्यावर सुधारणा झाली, त्यात फर्निचर आणि चॉकलेटच्या कंपन्यांच्या तक्रारींचा हात होता, कारण लाकडाचे आणि चॉकलेटचे तपकिरी रंग नीट येत नव्हते. लाकडाला न्याय मिळाला, माणूस मागाहून आला. यंत्रात बसवलेला हा भेदभाव आपणच बोटाने सुरू करणार असू, तर बाबासाहेबांच्या फोटोखाली उभे राहून काय उपयोग?

बाबासाहेबांचे फोटो नीट बघा. कोट, टाय, हातात पुस्तक, नजर सरळ. ज्या समाजाला अंगभर कपडा घालायलाही गावाची परवानगी लागत होती, त्या समाजाचा माणूस असा उभा राहतो, तेव्हा तो फोटोच एक विधान असतो. अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी हेच केले होते. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो काढले गेलेल्या अमेरिकनांत त्यांचे नाव घेतात. गुलामांची हसरी, बावळट चित्रे काढायची तिथे पद्धत होती. म्हणून डग्लस कॅमेऱ्यासमोर बसत ते गंभीर, ताठ. आपल्या लोकांनी हे पुस्तक न वाचताच ओळखले. कित्येक घरांत बाबासाहेबांचा फोटो आधी आला आणि वीज नंतर.

पण त्याच घरात आजोबांचा फोटो शोधा. बहुतेक ठिकाणी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलेला असतो. स्टुडिओवाल्याने मागे निळे आकाश घातलेले आणि आजोबांना आयुष्यात कधी न घातलेला कोट चढवलेला. आजीचा तोही नसतो. नामांतराची लढाई २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे चालली. तुरुंगात गेलेली, लाँग मार्चला चाललेली, घरे जळालेली माणसे आज सत्तरीत आहेत. त्या वेळी ती कॉलेजात शिकत होती. कुठे राहत होती, काय खात होती, कुणाच्या खोलीवर पत्रके लिहीत होती, याचे फोटो कुठे आहेत? जे थोडे आहेत ते पत्र्याच्या पेटीत बुरशी खात आहेत. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात रडत बसले नाहीत, त्यांनी स्वतःचे पत्र चालवले. कॅमेऱ्याच्या बाबतीत आपण अजून दुसऱ्याच्या दारातच उभे आहोत.

तेव्हा काय करायचे, ते सरळ सांगतो.

१) प्रत्येक फोटोला नाव द्या. कोण, कुठले, कधीचा फोटो, मराठीत लिहून ठेवा. नाव नसलेला फोटो म्हणजे पुन्हा नमुनाच.

२) विचारून काढा. विशेषतः मुलींचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय काढू नका, टाकू नका. कितीतरी पोरी घरी न सांगता मोर्चात येतात. आपल्या एका फोटोने तिचे शिक्षण बंद पडू शकते. आणि कॅमेरा फक्त पोरांच्या हातात ठेवू नका. मुलींच्या हॉस्टेलच्या आतले जग तिथे राहणाऱ्या पोरीच दाखवू शकतात.

३) गैरसोयीची नोंद ठेवा. हॉस्टेलचे बंद नळ, मेसमधले जेवण, शिष्यवृत्ती आली नाही म्हणून फी भरायला लावणाऱ्या नोटिसा. तक्रार घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'पुरावा काय?' मूळ फाईल मोबाईलमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. मूळ फाईल आणि ती कुठल्या मोबाईलवर काढली याची नोंद असेल, तर वकिलाचे काम सोपे होते. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसे गेली आणि 'जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता' अशी गोष्ट सांगितली गेली. चौकशी आयोगाने ती मान्य केली नाही. खोटी गोष्ट खोडायला चित्र लागते, हे आपल्याइतके कुणाला माहीत?

४) सुखाचेही फोटो काढा. पहिला पगार, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाल्यावर वाटलेले पेढे, पावसात भिजलेले कॅम्पस, बुद्ध पौर्णिमेची खीर. यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.

५) सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून एक फोटो काढा. त्यांना पाहिजे तसा. वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या पेटीतले फोटो मोबाईलने टिपून घ्या, त्यातल्या माणसांची नावे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. ती माणसे थांबणार नाहीत.

६) एक कॅमेरा दहा जणांत घ्या. वर्गणी काढून आपण जयंतीचा डीजे आणतो, त्याच्या एका रात्रीच्या भाड्यात हॉस्टेलसाठी जुना पण चांगला कॅमेरा येऊ शकतो. डीजेचा आवाज सकाळी विरलेला असतो, कॅमेरा पुढच्या तीन बॅचना पुरेल.

७) प्रदर्शन भरवा. आर्ट गॅलरीची वाट बघू नका. विहाराची भिंत आहे, हॉस्टेलचा जिना आहे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी दोन बांबू आणि एक दोरी पुरेशी आहे. ज्यांचे फोटो आहेत त्यांना आधी बोलवा.

प्रस्थापितांच्या अल्बममध्ये आपल्याला जागा मिळेल की नाही, ही चिंता सोडा. त्यांच्या अल्बममध्ये आपण शंभर वर्षे झाडू घेऊन उभे आहोत आणि पुढची शंभर वर्षेही तसेच उभे राहू. आपला अल्बम आपल्यालाच भरावा लागेल. आजच्या तारखेपासून सुरुवात करा. शेजारच्या कॉटवर वाचत बसलेल्या मित्राला विचारा, त्याचा एक फोटो काढा आणि खाली त्याचे पूर्ण नाव लिहा.

जय भीम!